मुठीतले तांदूळ

वंदना गेल्याचा फोन दुपारी आला. "जिन्यावरून पडली म्हणतात," आमच्या जुन्या खो-खो संघातली मैत्रीण म्हणाली. भर वेगात वळतानाही जिचा तोल कधी गेला नाही, ती घरच्याच जिन्यावरून पडली म्हणे! दोन दिवसांनी पोलिसांनी तिच्या नवऱ्याला उचललं. आठवडाभरात शाळेत शोकसभा झाली. आमचे खो-खोचे सर, आता पार थकलेले, गहिवरून म्हणाले, "वंदनाने रागाला जिंकलं होतं." लोकांनी माना डोलावल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

कारण मला राग न जिंकलेली वंदना आठवते. नव्वदीच्या सुरुवातीची नाशिकरोडची आमची शाळा. वेणी ओढणाऱ्या मुलाच्या डोक्यात तिने कंपासपेटी घातली, त्याला टाके पडले. शाळा तिला काढणारच होती. सर मध्ये पडले आणि तिला मैदानावर घेऊन आले. दोन खांबांमधल्या चौकोनात तिला उकिडवं बसवलं आणि म्हणाले, "पाठीवर थाप पडून खो मिळेपर्यंत उठायचं नाही. राग आला तर मुठीत माती धर." सुरुवातीला ती खो मिळायच्या आतच उठायची. मग सगळ्या पोरी घरी गेल्यावर सर तिला अंधार पडेपर्यंत त्याच चौकोनात बसवून ठेवायचे. डोळ्यांत पाणी, मुठीत माती. खोटं कशाला बोलू, त्या खेळाने तिचं सोनं केलं. खो मिळाला की ती अशी सुटायची की समोरचीच्या छातीत धडकी भरायची. जिल्ह्याच्या संघात गेली, राज्य स्पर्धा खेळली. मारामाऱ्या बंद झाल्या. आम्हा सगळ्यांना तिचा केवढा अभिमान वाटायचा...

पुढे घोटीच्या भातगिरणीवाल्यांचं स्थळ आलं. चौकशीला आलेल्या पाहुण्यांना सरांनीच कौतुकाने सांगितलं, "पोरगी शिस्तीची आहे. कितीही बोला, उलटून बोलणार नाही." त्यांना हेच हवं होतं.

एकदा मी तिच्याकडे गेले होते. ती ताटात तांदूळ निवडत बसली होती. नवरा आला, चहाचा घोट घेतला आणि कप तिच्या पायाशी आपटला. "पाव्हणीसमोर तरी नीट कर! अक्कल हाय का नाय?" वंदनाची मूठ तेवढी तांदळावर आवळली गेली. तो गेल्यावर मी म्हटलं, "वंदे, पूर्वीची असतीस तर ताट घातलं असतंस त्याच्या डोक्यात." ती हसली. "खो मिळायच्या आधी उठलं की फाऊल असतो गं." मी तिच्या पाठीवर थाप मारली. "हा घे खो. ऊठ, चल माझ्याबरोबर." ती म्हणाली, "तुझा खो इथं चालत नाही. तू या संघातली नाहीस." आणि पुन्हा खडे वेचू लागली.

तेराव्याला घोटीला गेले. सासू आल्या-गेल्याला सांगत होती, "पाय घसरला तिचा. पोरगी मुळातच लय तापट. माझ्या लेकाला उगाच अडकवलं." वंदनाची सातवीतली मुलगी तांदळाच्या पोत्याशी उकिडवी बसली होती. डोळे आजीवर, एक मूठ घट्ट मिटलेली. मी शेजारी बसून हळूहळू तिची बोटं उघडली. आत तांदूळ होते.

"आईने शिकवलंय," ती म्हणाली. "राग आला की असं धरायचं. मग राग जातो."

"गेला?"

तिने मान हलवली. नाही.

"मग फेक."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग आजीकडे. आणि सगळी ताकद लावून फेकले, थेट आजीच्या तोंडावर. आजी किंचाळायला लागली. मी पोरीच्या पाठीवर थाप मारली.

"ऊठ," मी म्हणाले.

ती उठली.