पातळ सोलचे बूट

कुणी नवे बूट घालून आलं की काका आधी ते हातात घेत, अंगठ्याने सोल दाबत आणि बूट मधोमध दुमडून बघत. दुमडला नाही तर तोंड वाकडं करून परत देत. "पायाला जमीन कळली पाहिजे," एवढंच म्हणत.

असला एखादा हट्टी माणूस तुमच्याही गल्लीत असेल. आमचे काका इंदिरानगरात समोरच्या बिल्डिंगमध्ये राहायचे. घरची मंडळी मखमलाबादेकडे भाजीपाला करणारी. हे कारखान्यातून रिटायर झालेले. दर रविवारी सकाळी आम्ही दोघं अंजनेरीच्या डोंगरवाटांवर लांबवर पळायला जायचो. ते शाळेच्या पीटीला असतात तसल्या कॅनव्हासच्या बुटांत, मी भावाने अमेरिकेहून आणलेल्या गुबगुबीत बुटांत.

"गादी झोपायला असते गं, पळायला नाय," ते चिडवायचे. मीही काही कमी नव्हते. गुडघे बोलायला लागले की बघू, असं सुनावायचे. हा वाद मिटावा असं दोघांनाही वाटत नव्हतं.

एका रविवारी डोंगर उतरून चहाला टेकलो. काकांनी बूट काढला तर मोजा रक्ताने भिजलेला. बाभळीचा काटा सोलमधून थेट टाचेत घुसला होता आणि हे मजेत चहा फुंकत बसलेले. मी ओरडले तेव्हा कुठे त्यांनी खाली पाहिलं. टाच अंगठ्याने दाबून बघितली.

"मला कळलंच नाय गं."

शुगर जुनीच होती. तळपायाची संवेदना गेलीय, डॉक्टर म्हणाले. पळणं बंद. जखम भरल्यावर चालायचं ते जाड सोलच्या बुटांत, सोबत कुणीतरी घेऊन. डोंगर सुटला तर हा माणूस खचणार, हे मला दिसत होतं. म्हणून मीच त्यांना दुकानात नेलं. काकांनी सवयीने सोलवर अंगठा ठेवला. दुमडून मात्र बघितलं नाही. गुपचूप पाय घातले.

डोंगरावर माझा खांदा धरून चालताना त्यांनी विचारलं, "खाली काय हाय?" माझ्या गाद्यांमधून मलाही धड कळेना. पुढच्या रविवारी मी कॅनव्हासचे बूट घालून गेले.

"मुरूम, काका."

"ओला का कोरडा?"

"कोरडा. आता खडक येतोय, जपून."

अशी आम्ही ती वाट पुष्कळ चाललो. मग काका गेले.

परवा एकटीच तिकडे गेले होते. उताराला लागले आणि तोंडातून निघून गेलं, "मुरूम, काका." ओला का कोरडा, ते कुणी विचारलं नाही. तरी मी सांगितलं.