रुळामागचा डबा

ज्या दिवशी नाना वारले, त्या दिवशी मी आमचं घर मोडायला घेतलं.

नाना म्हणजे माझे वडील. सडका बांधणाऱ्या खात्यात ते खडी दाबणारा वाफेचा रूळ चालवत. रुळाच्या मागे चार चाकांचा एक लाकडी डबा जोडलेला असे. हिरवा रंग, वर पत्रा, आत दोन फळ्या टाकून केलेली झोपायची जागा आणि एका कोपऱ्यात चूल. आम्ही तिघं त्यात राहायचो. सडक पुढे सरकली की घर पुढे सरके. कासार आंबोलीला मी मुळाक्षरं शिकलो आणि पाढे त्याच्या पुढच्या मुक्कामाला. शाळेत कुणी गाव विचारलं की मी कालच्या मुक्कामाचं नाव सांगत असे. "आपण रस्त्याची माणसं," आई म्हणायची. "गावाकडं पाणी मागावं. दुसरं काही मागू नये." घरातून मिळालेल्या शिकवणीपैकी हीच मी सर्वांत नीट पाठ केली.

नानांची नोकरी संपली तेव्हा तो डबाही खात्याने मोडीत काढला. नानांनी तो विकत घेतला आणि कोळवणला धोंडिबातात्यांच्या बांधावर, भातखाचराच्या वरच्या अंगाला आणून उभा केला. तात्या तिथले जुने शेतकरी. त्यांनी जागा दिली तीही हसत. "ठिवा की, नाना. चाकाचं घर हाय. भांडान झालं तर दीऊ लोटून वड्यात." मी तोवर पुण्यात शाळामास्तर झालो होतो. सुट्टीत यायचो, पुस्तक घेऊन डब्याच्या पायरीवर बसायचो आणि गावात फारसा जायचो नाही. त्यांचं गाव, आपण बांधावरचे, असं मनात पक्कं होतं.

आषाढातली गोष्ट. नाना आजारी म्हणून मी आलो होतो. सकाळी ते गेले. आईने उशाशी दिवा लावला. बातमी कळून तात्या आले, दारात उभे राहिले, नानांचा चेहरा पाहिला आणि एक शब्द न बोलता पावसात निघून गेले.

आम्ही वाट पाहिली. कुणी आलं नाही. डब्याखाली रचलेला जळणाचा ढीग भिजून चिंब झाला होता. त्या मुलखात आषाढात वाळली काडी विकतही मिळत नाही. तात्या न बोलता गेले यातच मी उत्तर वाचलं. रस्त्याच्या माणसाला कोण लाकूड देणार? मागायला जायचं नाही हे तर लहानपणापासून ठरलेलं होतं. मी नानांची पहार घेतली आणि मागच्या भिंतीची पहिली फळी उचकटली. आतून ती कोरडी होती. मला त्यात समाधान वाटलं, हेही लिहिलं पाहिजे.

"अरे, पाणी आत येतंय," आई एवढंच म्हणाली आणि दिवा उचलून दुसऱ्या बाजूला ठेवला. मी पुढची फळी काढली. तिने दिवा पुन्हा हलवला.

मागची भिंत जवळजवळ उतरली, तेव्हा त्या उघड्या जागेतून मला खालचा बांध दिसला. बांधावरून माणसं येत होती. प्रत्येकाच्या डोक्यावर इरलं होतं, आणि इरल्याखाली खांद्यावर एकेक लाकूड. सर्वांत पुढे तात्या होते.

"आरं मास्तर, हे काय मांडलंयस?"

"लाकूड नाही म्हणून..."

"कुनी सांगितलं न्हाई म्हनून? कुनाला इचारलंस?" त्यांनी खांद्यावरचं लाकूड खाली टाकलं. "अन् रंगाचं लाकूड कोन घालतं सरनावर? घर मोडून बाप जाळशील, अन् आय कुटं बसंल? खाचरात?"

मागून कुणीतरी म्हणालं, "तात्या, जाऊ द्या. प्वार घाबरलंय."

त्या गावात प्रत्येक घरी चुलीवरच्या माळ्यावर धुरात वाळवलेलं थोडं लाकूड राखलेलं असतं. पावसाळ्यात कुणी गेलं की घरटी एक लाकूड. मागावं लागत नाही. ज्याला आधी कळतं तो न बोलता निघतो आणि घरोघर सांगत फिरतो. तात्या सकाळी त्यासाठीच गेले होते. नानांचं सरण कोळवणच्या लाकडांचं झालं. आमची एकही फळी लागली नाही.

त्याहून वाईट पुढे होतं. माणूस जिथे जातो तिथे दहा दिवस दिवा तेवत ठेवायचा असतो. आमच्या घराला आता भिंत नव्हती. तात्यांच्या बायकोने, मावशींनी, दिवा पदराआड धरला आणि आईला घेऊन त्या सरळ आपल्या पडवीत गेल्या. परक्याचं सुतक स्वतःच्या घरात! "वारं दिवा इजवंल तितं. हितं ऱ्हाऊ द्या," इतकंच त्या म्हणाल्या. दहा दिवस आई त्या पडवीत बसून होती. मी तिच्याशेजारी बसायचो आणि येणाऱ्याजाणाऱ्याचे फक्त पाय बघायचो.

आई पुण्याला यायला तयार झाली. भात झोडून झाल्यावर आम्ही डबा नीट उतरवला. तात्या, मी आणि गावातला सुतार. खिळे जंबुराने ओढून काढले. आई दगडावर बसून ते एकेक ठोकून सरळ करत होती. पत्रे तात्यांच्या गोठ्यावर गेले, चाकं आणि आस लोहाराकडे. फळ्या निवडताना सुतार थबकला. काही उभ्या चिरल्या होत्या.

"ह्या कुनी काढल्या?"

"त्या शिकल्याल्या मानसानं काढल्यात," तात्या म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो. चिरलेल्या फळ्या न्हाणीच्या चुलीत गेल्या.

उरलेल्या चांगल्या फळ्या कुठे लावायच्या ते आईने सांगितलं. पडवीची पश्चिमेची बाजू उघडी होती. झड नेमकी तिथून येते, हे तिने त्या दहा दिवसांत पाहिलं होतं. तिथे आमची हिरवी भिंत उभी राहिली. आयुष्यभर कुणाकडून काही घेतलं की ती ते असंच परत करत असे.

दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीत बसलो. ज्या सडकेवरून आमचं घर माणसाच्या चालीने सरकत आलं होतं, तीच सडक गाडीने बघता बघता संपवली. आई खिडकीबाहेर पाहत होती. "हा तुकडा ह्यांनी दाबलेला," ती मध्येच म्हणाली.

पुण्यात दोन खोल्या होत्या, नळ होता, पक्क्या भिंती होत्या. पुढे आई गेली तीही पावसाळ्यातच. मी वखारीतून लाकूड आणलं. शेजाऱ्यांनी खांदा दिला, चांगली माणसं होती. पण लाकूड घेऊन कुणी येईल म्हणून मी त्या सकाळी जिन्याकडे पाहत वाट बघत होतो. तुमच्यापैकी जे असेच निघून दुसरीकडे राहिले, त्यांना ही वाट ठाऊक असेल.

नंतर एका श्रावणात धोंडिबातात्या गेले. मला पत्र मिळालं तेव्हा दहावा उलटला होता. मी कोळवणला गेलो, पडवीत आमच्या फळ्यांना पाठ टेकून बसलो.

"मावशी, मी वेळेवर आलो नाही. माझं लाकूड राहिलं."

"न्हाई राह्यलं," मावशी म्हणाल्या. "तुमच्या घरच्या नावचं एक घातलं की. आमच्याच माळ्यावरचं काढून दिलं आमच्या पोरानं. घर मोडलं म्हनून काय मोजायचं सोडत्यात व्हय?"



कोळवणला आता आमचं घर नाही. तात्यांच्या पडवीला आमच्या फळ्यांची भिंत आहे. घरटी लाकूड मोजताना गाव आमचं एक धरतं. ते दुसरं कुणीतरी देतं.