मुका अलार्म आणि मागचं दार

हे गेल्यावर मुलानं पुण्याला चल म्हणून धोशा लावला. मी नंदनवन वस्तीतलं घर सोडायला तयार नव्हते. शेवटी तह झाला तो असा: त्यानं घराला अलार्म बसवायचा, आणि जोवर अलार्म चालू तोवर मी इथं एकटी राहायचं. तो बंद पडला की मुकाट्यानं पुणं गाठायचं.

अलार्म म्हणजे हॉलच्या भिंतीवर एक पांढरी पेटी आणि दोन्ही दारांना चिकटवलेले सेन्सर. दार उघडलं की पेटी बोंब मारायची आणि घरच्या फोनवरून आपण होऊन कंट्रोल रूमला कळवायची. मग तिथली मुलगी फोन करून गुप्त शब्द विचारायची. मुलानं मोठ्या हौसेनं ठेवलेला गुप्त शब्द होता त्याच्या वडिलांचं नाव. चाळीस वर्षांच्या संसारात जे नाव मी कधी घेतलं नाही, ते त्या पोरीसमोर काय घेणार? मी तिला म्हटलं, हॉलमध्ये ज्यांचा फोटो लावलाय ते. तिला ते नियमात बसेना. अर्ध्या तासात दोन गार्ड दारात हजर. चहा पिऊन गेले बिचारे, पण गल्लीत माझी व्हायची ती शोभा झालीच.

गुप्त शब्द बदलला, तरी जाच संपला नाही. मी अलार्म बंद केला की मुलाच्या मोबाइलवर निरोप जायचा आणि पाच मिनिटांत त्याचा फोन यायचा, काहून बंद केला म्हणून. त्यामुळे मागचं दार दिवसभर लावलेलं. आमच्याकडे शेजारीण घंटी वाजवून पुढच्या दारानं येत नाही. ती मागून येते, हाक मारत, ओले हात पदराला पुसत. माझी मागची शेजारीण दोनचारदा बंद दारावर थाप मारून परत गेली आणि मग यायचीच थांबली. चोर एकही आला नव्हता. अडवलं ते तिलाच, आणि त्या पेटीवर माझा सगळ्यात जास्त राग होता तो यासाठी.

मग एक दिवस फोनवाले आले. जुनी तांब्याची तार काढून त्यांनी फायबर टाकलं, एक नवा डबा बसवला, फोन लागतो हे दाखवलं आणि गेले. अलार्मचा विषय ना त्यांनी काढला, ना मला सुचला. दोन दिवसांनी भिवापुरी मिरच्या वाळत घालायला मी अलार्म बंद केला आणि मुलाच्या फोनची वाट पाहत बसले. फोन आलाच नाही. दुसऱ्या दिवशी मुद्दाम दार उघडून पेटीला मनसोक्त ओरडू दिलं. कंट्रोल रूमही गप्प.

सीताबर्डीच्या अलार्मवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, ही जुनी पेटी तारेवरून टूंटूं आवाज करून निरोप देते. नव्या लाइनीत त्या आवाजाचे तुकडे होतात आणि पलीकडे काही उमगत नाही. वरून लाइट गेली की नवा डबाही बंद. आता सिमकार्डवर चालणारी पेटी लावावी लागेल, मागवू का, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, सवडीनं मागवा, घाई नाही.

त्यानंतरचा दीड महिना मी राणीसारखी राहिले. मागचं दार सताड उघडं, अंगणभर मिरच्या, आणि आठवड्याभरात शेजारीणही परत यायला लागली, रोज चारच्या चहाला. रविवारी मुलगा विचारायचा, अलार्म ठीक आहे नं? मी सांगायचे, हिरवा दिवा लागलाय. तो खरंच लागलेला असायचा. खोटं न बोलता फसवायचं कसं, हे मी त्याच्याच वडिलांकडून शिकले होते.

मग मुलगा एके दुपारी न कळवता आला. हातात नवी पेटी. त्यानं तोंड उघडायच्या आत मी सांगून टाकलं की मी पुण्याला येणार नाही. तो जुन्या पेटीचे स्क्रू काढत राहिला.

"आई, मले पहिल्याच आठवड्यात कळलं. पेटीचा आठवड्याचा निरोप आला नाही म्हणून कंट्रोल रूमनं मले फोन केला होता."

"मग बोलला काहून नाही?"

"तू मजेत दिसून राहिली होती. मी मागच्या काकूले फोन केला. म्हटलं, रोज एक चक्कर मारत जा."

दिवसा मागचं दार नव्या अलार्ममधून वगळतो, असंही तो म्हणाला. पुण्याचं नाव त्यानं काढलं नाही. मी जिंकले होते, पण आनंद होईना. दीड महिना मी ज्याला मोकळीक समजत होते तो पहारा होता, आणि पहारेकरी माझाच चहा पीत होती. मला रागही आला आणि रडूही आलं.

चार वाजता ती आली तेव्हा मी गॅस पेटवला नाही. पोरानं ड्यूटी लावली म्हणून येत होतीस का, असं सरळ विचारलं.

ती मागच्या पायरीवर बसली. "पहिल्या दिवशी त्यानं सांगतलं म्हणून आली वं. मंग रोज दार उघडं दिसे, म्हणून येत होती."