कोकभट्टीकडची खोली

हॉटेल ब्रोखॉफमध्ये दुसऱ्या मजल्यावर मागच्या बाजूला एक खोली आहे, ती मी कुणाच्या गळ्यात मारली की मलाच वाईट वाटतं. खिडकी उघडली की समोर पोलाद कारखान्याची कोकभट्टी, दगडी कोळसा भाजून त्याचा कोक करतात ती. भट्टीतला लालभडक कोक पाण्याने विझवतात तेव्हा वाफेचा हा मोठा लोट उठतो आणि खोलीभर सडक्या अंड्यांचा वास सुटतो. बाहेरगावहून आलेले विक्रेते आणि मीटिंगवाले इंजिनिअर लगेच खाली येऊन चावी काउंटरवर आपटतात. "बाई, दुसरी खोली नाही का?" नाही, बाबांनो. डुइसबर्गच्या उत्तरेला स्वस्तात राहायचं आणि वर गुलाबाचा वास हवा, असं कसं चालेल?

ओर्टविन क्नाबेने मात्र ती खोली मागून घेतली होती. "भट्टी दिसत असली की बरं. सकाळी उठून कुठे जायचंय ते विसरत नाही माणूस," असं तो पहिल्या दिवशी म्हणाला. मी योलांटा पिखोटा, इथे रिसेप्शनवर असते. मला वाटलं, हा पूर्व जर्मनीतल्या थुरिंगियाच्या डोंगरातला माणूस जरा चक्रमच दिसतोय. तेव्हा त्याच्या डोक्यावर केस होते आणि माझ्या गुडघ्यांत दम होता.

ओर्टविन क्रेनचा फिटर. बर्लिनची भिंत पडली, त्याच्या गावाजवळचा कारखाना बंद झाला आणि गावातले धडधाकट पुरुष मिळेल त्या गाडीने पश्चिमेला आले, त्यातला हा एक. सोमवार ते गुरुवार आमच्याकडे मुक्काम, गुरुवारी काम संपलं की गाडी काढून घरी, सोमवारी उजाडायच्या आत पुन्हा हजर. "काय रे पूर्वेकडच्या, केळी मिळतात का आता तुमच्याकडे?" असं इथले लोक त्याला चिडवायचे, कारण भिंत असताना तिकडे केळीसुद्धा मिळत नसत, आणि तो म्हणायचा, "मिळतात की. वास मात्र अजून येत नाही हवेला. तो घ्यायला इथे येतो."

अशाने संसाराचं व्हायचं तेच होतं. बायको भांडण न करताच वेगळी झाली. भांडायला तरी दोघं एका घरात असावी लागतात. मुलगी डोरीन शनिवार-रविवारच्या बापाबरोबर वाढली, शिकली, लग्न करून तिकडच्याच झूल शहरात राहायला गेली. घर विकलं गेलं. मग ओर्टविन शनिवार-रविवारही इथेच राहायला लागला, आणि कुणी त्याला विचारलं नाही, की बाबा रे, तू आता पाहुणा आहेस की कोण? खोलीत त्याची केटली आली, रेडिओ आला, जिरेनियमची कुंडी आली. खिडकीतलं ते जिरेनियम कोकच्या धुरात वर्षानुवर्षं कसं फुलतं, हे आमच्याकडे नाश्ता सांभाळणाऱ्या नेर्मिनला कोडंच होतं. "माझ्या बाल्कनीत मरतं मेलं, आणि इथे बघ," ती म्हणायची.

मला तो आवडायचा. तसं नाही हो, माझा नवरा आहे घरी आणि तो एकच पुरेसा आहे. पण संध्याकाळी कामावरून आला की काउंटरशी थांबून दोन शब्द बोलणारा माणूस असला की माझी पाळी बरी जायची. बाकीचे पाहुणे वायफायचा पासवर्ड विचारतात आणि लिफ्टमध्ये शिरतात.

तर हा ओर्टविन या वसंतात निवृत्त व्हायचा होता. डोरीनने त्याच्यासाठी वरच्या मजल्यावरची खोली तयार केली होती, टीव्ही आणि पाय वर करून बसायच्या खुर्चीसकट. "बाबा, आता बस झालं हॉटेल," ती फोनवर म्हणाली आणि हा "हो" म्हणून मोकळा झाला. सगळ्यांनी त्याचं अभिनंदन केलं. नशीबवान आहेस, लेकीने बोलावलंय, नाहीतर हल्ली कोण कुणाला विचारतं.

इस्टरच्या आदल्या आठवड्यात तो संध्याकाळी काउंटरशी आला. काही मागायला आला असेल असं वाटून मी टॉवेलकडे हात नेला.

"योला, मला तिकडे जायचं नाहीये," तो म्हणाला.

"मग नको जाऊस."

"आणि राहू कुठे? काम संपलं की कंपनी खोलीचं भाडं द्यायची थांबणार. आणि तिला हो म्हणून बसलोय."

"लेकच आहे ना? वाघीण तर नाही. सांग तिला."

"तसं नाही गं. इथे मी पाहुणा आहे, ते मला जमतं. पलंग कुणीतरी आवरतं, मी थँक्यू म्हणतो, संपलं. तिच्या घरी मी सकाळी उठून स्वयंपाकघरात गेलो की ती सगळी उठून उभी राहतात. जावई, तो योर्ग, म्हणतो, बसा ना, बसा ना. नाताळात तीन दिवस मी नुसता बसून होतो. आता उरलेला जन्म बसायचं?"

मी म्हटलं, होईल सवय. माझ्याच कानाला ते खोटं वाटलं. तो मान हलवून वर गेला आणि मी उगाचच पुढच्या पाहुण्यावर खेकसले.

आता आमच्याकडची एक रीत अशी, की ज्याचं काही विशेष असतं त्यानेच इतरांना खायला घालायचं. वाढदिवस तुमचा, तर केक तुम्ही आणायचा. नोकरी सोडून चाललात तरी तुम्हीच खाऊ घालायचं, तसंच तोंड लपवून पळालात तर मागे वर्षभर उद्धार होतो. त्यामुळे निवृत्तीच्या गुरुवारी सकाळी ओर्टविन दोन्ही हातांवर खाटकाकडचा मोठा ट्रे पेलत नाश्त्याच्या खोलीत आला, तेव्हा कुणाला काही विचारायची गरजच पडली नाही. इकडे चवीने खातात ते डुकराच्या कच्च्या खिम्याचे पाव, वर कांद्याच्या चकत्या, आणि डुक्कर न खाणाऱ्या नेर्मिनसाठी वेगळ्या बशीत, वर झाकण घालून, चीजचे. शेवटपर्यंत तिची बशी वेगळी आणायला विसरला नाही, हे बघून नेर्मिनने तिथेच डोळ्यांना पदर लावावा तसा अॅप्रन लावला.

आमचीही तयारी होती. उत्तरेकडचा हेनिंग नावाचा एक लांबलचक फिटर आहे, त्याने सगळ्या कामगार पाहुण्यांच्या वतीने घडीची बागेतली खुर्ची आणली होती. तिच्या कापडावर सगळ्यांनी जाड पेनाने सह्या केल्या होत्या. हेनिंगने खुर्ची उघडून मधोमध ठेवली.

"घे, म्हाताऱ्या! लेकीच्या अंगणात बस आणि आमची आठवण काढ. आम्ही इथे वंगणात लोळत असू."

ओर्टविनने खुर्चीकडे पाहिलं, सह्यांकडे पाहिलं. "छान आहे," तो म्हणाला. "पण हे कशाला?"

"आता लाजू नकोस."

मग मला पुढे ढकललं. मी कधी भाषण करत नाही आणि रडत तर मुळीच नाही. मी म्हटलं, "ओर्टविन, जातोस ते जा, पण फोन कर. आणि तिकडे सगळे बसा बसा म्हणाले तरी बसू नकोस. कुदळ घे, कुंपण रंगव, शेजाऱ्याशी भांड, काहीही कर." नाक पुसायला मी नॅपकिन ओढला तर सगळा गठ्ठाच खाली आला.

ओर्टविन गोंधळून माझ्याकडे बघत होता. "मी कुठे चाललोय?"

"ऐका!" हेनिंग ओरडला. "आजच निवृत्त झाला आणि आजच भ्रमिष्ट!"

"अरे, मी कुठेच जात नाहीये. हे पाव..." तो खोलीभर बघत कुणाला तरी शोधायला लागला. "ब्रोखॉफबाईंनी सांगितलं नाही तुम्हाला?"

सगळ्यांच्या माना वळल्या. आमच्या मालकीणबाई कोपऱ्यातल्या टेबलावर अंडं सोलत बसल्या होत्या. सत्तरी कधीच ओलांडली आहे, आणि बोलण्यात काटकसर इतकी की 'गुड मॉर्निंग'सुद्धा अर्धंच म्हणतात.

"मी कशाला सांगू?" त्या म्हणाल्या. "पाव त्याने आणले. सांगायचं त्याने."

"मला वाटलं तुम्ही सांगितलं असेल!"

"मला वाटलं पाव बघून कळेल."

मग ओर्टविनने हात पुसले आणि सांगून टाकलं. आमचा मेंटेनन्सचा माणूस हिवाळ्यात कंबर धरून गेला तो परत आलाच नव्हता. जाहिरात मीच काचेच्या दारावर चिकटवली होती, आणि ओर्टविन महिनाभर ती वाचत ये-जा करत होता. आदल्या संध्याकाळी त्याने धीर करून बाईंचं दार वाजवलं. बाई म्हणाल्या, अर्धा दिवस काम, पगार बेताचा, आणि ती खोली ठेव तुलाच, तशीही तुझ्याशिवाय तिथे कोण टिकतं. सोमवारपासून तो आमच्यातला एक होणार होता. आणि नवीन माणसानेही पहिल्यांदा येताना खाऊ घालायचं असतं, म्हणून हे पाव. जाणाऱ्याचे पाव आणि येणाऱ्याचे पाव आमच्याकडे एकाच खाटकाकडून येतात. कांद्यावर काही लिहिलेलं नसतं.

"मेल्या!" नेर्मिन किंचाळली. "माझं काजळ गेलं ना सगळं!"

माझ्या छातीवरून एवढं मोठं ओझं उतरलं की मी दोन पाव उभ्या उभ्या खाल्ले. पाहुण्याला कामाचं विचारायचं माझ्या डोक्यात कसं आलं नाही, याची लाजही वाटली थोडी. पण आनंद जास्त होता. हेनिंग खुर्चीवरच्या सह्या खोडायला निघाला होता, त्याला आवरलं. मग मला एकदम आठवलं.

"ओर्टविन, डोरीनला सांगितलंस का?"

तो ट्रेवरचे पाव सरळ करायला लागला.

"ती आज सामान न्यायला येणार होती ना?"

"निघालीये कधीचीच. रात्री फोन केला होता मी तिला. तर मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, बाबा, नवे पडदे लावले. मग काय बोलू, सांग?"

इतका वेळ हसणारी सगळी माणसं आपापल्या पावात तोंड खुपसून बसली. कामाची वेळ झाली तशी एकेक उठून गेली, जाताना ओर्टविनच्या पाठीवर थाप मारून, वधस्तंभाकडे निघालेल्याला मारतात तशी. तो ट्रेशेजारी उभाच राहिला. डोरीनने म्हटलं असतं, चल, तर तो गेला असता. एवढं मला त्याच्याबद्दल ठाऊक होतं.

डोरीन आली ती भाड्याची व्हॅन दारात आडवी लावूनच. बापासारखेच रुंद खांदे, बापासारखंच कपाळ. मी तिला पहिल्यांदाच पाहत होते. तिने इकडेतिकडे पाहिलं.

"खोकी कुठे आहेत, बाबा?"

"डोरीन, पाव घे."

"पाव नंतर. खोकी?"

"बांधली नाहीत." त्याने एक श्वास घेतला. "मी इथेच राहतोय. बाईंनी काम दिलंय. अर्धा दिवस. खोली पण."

डोरीन हेनिंगच्या खुर्चीवर बसली. बसली म्हणजे पडलीच.

"पडदे लावले मी," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"आधी तोंड का नाही उघडलंस? महिनाभर मी त्या खोलीत मरतेय. योर्गचं ऑफिस स्वयंपाकघरात आणलं, तो कॉफीच्या डब्यांमध्ये बसून मीटिंगा करतोय!" ती चांगलीच तापली होती. मी टेबलावरचे नॅपकिन नीट रचायला घेतले. मग तिचा आवाज एकदम खाली आला. "बाबा, खरं सांगू? रागावणार नाहीस?"

"बोल."

"हुश्श झालं मला."

ओर्टविनचाही जीव भांड्यात पडला होता, ते दिसतच होतं. पण मी तोंड बघत होते त्याचं, आणि त्यावर आणखीही काहीतरी होतं.

"म्हणजे तुम्हालाही नको होतो मी," तो शेवटी म्हणाला.

"नको नव्हतास. भीती वाटत होती."

"माझी?"

"तू कधी घरात राहिलासच नाहीस ना. गुरुवारी रात्री यायचास, आणि आई म्हणायची, बाबा दमलेत, आवाज करू नका. मला वाटायचं, आता रोजच आवाज करायचा नाही." ती हसली आणि हाताने डोळे पुसले. "मी चाळीस वर्षांची आहे आणि महिनाभर मला झोप नाही, की बाबा येणार, आता शांत राहायला हवं."

"मला आवाज चालतो," ओर्टविन म्हणाला. "चालायचाच. मला कुणी विचारलं नाही कधी."

डोरीनने एक पाव उचलला, अर्धा खाल्ला आणि तोंड भरलेलं असतानाच म्हणाली, "बघू तरी, कुठे राहतोस तू. इतकी वर्षं नुसता पत्ता लिहिलाय पाकिटांवर."

बाईंनी मला मानेनेच खूण केली, की जा, वर स्वच्छ टॉवेल देऊन ये. टॉवेलची काही गरज नव्हती, पण मी गेले. लिफ्ट नेहमीसारखी रडतखडत आली. दुसऱ्या मजल्यावर ओर्टविन पुढे, लेक मागे, मी टॉवेल घेऊन त्यांच्या मागे. त्याने दार उघडलं. भट्टीवर नुकताच कोक विझवलेला, वास सगळ्या पॅसेजमध्ये भरलेला. तो घाईने खिडकी लावायला धावला. डोरीन दारातच थांबली. मला वाटलं, वासाने थांबली.

तिने वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या.

"अगं, राहू दे," ओर्टविन खिडकीजवळून म्हणाला. "हॉटेल आहे हे. इथे बूट कुणी काढत नाही."

"गप रे, बाबा," डोरीन म्हणाली. "तुझ्या घरात बूट घालून येऊ?"

आणि बूट भिंतीशी जोडीने ठेवून ती मोज्यांवर आत गेली.