सिद्धार्थनं निवडलेलं पिस्तूल

गेल्या महिन्यात पेठ वडगावचे एक अडत व्यापारी मला कोल्हापुरात बंदुकांच्या दुकानात घेऊन गेले. गाव त्यांना आप्पा म्हणतं. त्यांना पिस्तुलाचं लायसन मिळालं होतं. दुकानदारानं काउंटरवर दोन पिस्तुलं ठेवली. आप्पांनी एकाचा चाप ओढून पाहिला आणि खूश झाले.

"हवालदार, लई हलका हाय की! ह्येच घेतो."

"हलका म्हंजे चांगलाच, असं न्हाय आप्पा," मी म्हणालो. दुकानात एवढंच बोललो. बाकीचं इथं लिहितो.

मी फौजेत होतो, आमची बटालियन तेव्हा काश्मीरमध्ये होती. मी घातक प्लाटूनमध्ये हवालदार, नाईक सिद्धार्थ कांबळे माझा बडी, म्हणजे जोडीदार. मी हातकणंगल्याचा, तो राधानगरीकडचा. अतिरेकी लपलेल्या घरात शिरणं हे आमचं काम. अरुंद जिन्यात रायफल फिरवता येत नाही, तिथं पिस्तूल लागतं. त्या उन्हाळ्यात निवडीसाठी दोन बनावटींची पिस्तुलं आली.

पहिल्याचा ट्रिगर पहिल्या गोळीला लांब आणि जड, पुढच्या गोळ्यांना हलका. दुसऱ्याचा प्रत्येक गोळीला सारखाच, आखूड. बोट जरा सैल सोडलं की टक् करून पुढच्या गोळीला तयार. रेंजवर दुसऱ्यानं मारलेल्या माझ्या गोळ्या तळहाताएवढ्या जागेत बसल्या. मी तेच घेतलं.

सिद्धार्थचा पंजा लहान. पहिल्याची जाड मूठ त्याच्या हातात मावत नव्हती, बोट ट्रिगरला जेमतेम पोचायचं, आणि पहिली गोळी खाली डावीकडे जायची. तरी त्यानं तेच मागितलं.

"अरं, तुझं बोट पुरत न्हाय त्येला," मी म्हणालो.

"पुरवतो की दादा. लोकांच्या घरात शिरायचं हाय, बायका-पोरं असत्यात. ह्यो जड हाय म्हणून मधीच थांबता येतंय."

मग तो रोज संध्याकाळी बराकीत रिकाम्या पिस्तुलावर ती ओढ घोटत बसायचा. गोळी हळूहळू मध्यावर यायला लागली.

पानगळीच्या दिवसांत एका गावाला आम्ही वेढा घातला. दुमजली घरात एक अतिरेकी असल्याची पक्की खबर होती. घरची माणसं बाहेर आली होती. आत कोणी नाही, असं ती म्हणाली. आम्ही खालचा मजला तपासला आणि मी वायरलेसवर कळवलं.

"खालचा मजला क्लिअर. वर जातोय. ओव्हर."

"जा. सांभाळून. ओव्हर."

जिन्यात सिद्धार्थ पुढे, मी त्याच्या खांद्यामागे. वरचं दार एकदम उघडलं. समोर माणूस. सिद्धार्थनं ट्रिगर ओढायला घेतला. पिस्तुलाच्या पाठीवरचा घोडा, म्हणजे हॅमर, अर्धा मागे आलेला मी पाहिला. तिथंच तो थांबला.

"म्हातारा हाय!"

म्हाताऱ्याच्या काखेतून रायफलची नळी बाहेर आली आणि बर्स्ट सुटला. सिद्धार्थच्या गळ्यात आणि छातीत गोळ्या घुसल्या. पडता पडता त्यानं डाव्या हातानं म्हाताऱ्याला खाली ओढलं. मागचा माणूस उघडा पडला.

मी दोघांवरून उडी मारली आणि त्याची नळी धरली. ती तापलेली होती, तळहाताची कातडी तिला चिकटली. त्यानं कपाळ माझ्या नाकावर आपटलं. मी पिस्तूल त्याच्या पोटात खुपसलं आणि ट्रिगर ओढला. काहीच झालं नाही. अंगाला दाबून धरलं की पिस्तुलाची स्लाईड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे सरकते आणि गोळी उडत नाही. बोटभर मागे घेतलं, पुन्हा ओढला. तो रायफल सोडेपर्यंत मारत राहिलो. भिंत रक्तानं भरली होती.

"अतिरेकी ठार. एक कॅज्युअल्टी. स्ट्रेचर पाठवा. ओव्हर."

स्ट्रेचर आलं तेव्हा सिद्धार्थ गेला होता. म्हाताऱ्याला खरचटलंही नव्हतं. तो घरमालकाचा चुलता, ठार बहिरा. घाईत तो वरच राहिल्याचं कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

पेन्शनवर आल्यापासून भातकापणी संपली की मी राधानगरीला सिद्धार्थच्या आईकडे जातो. पहिल्या वेळी तिनं जेवण वाढलं, मी हात धुवून येईपर्यंत थांबली, आणि विचारलं,

"शेवटाला काय बोलला का रं त्यो?"

"बोलता येत न्हवतं त्येला, मावशी. माझी कॉलर घट्ट धरली हुती. सोडली न्हाय."

मावशी पुढे झाली. तिनं माझी कॉलर मुठीत धरली आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. मी हललो नाही.