किलवणीच्या टेकडीवरून मुंबई

नव्वदच्या दशकात आमच्या सिल्वासात एफएमचा अंदाज वर्तवणारा एकच माणूस होता, तो म्हणजे मी. शाळेत भूगोल शिकवायचो. पण शिक्षकांच्या खोलीत मला मान होता तो वेगळ्याच कारणाने. जवळच्या मसाट गावात सुरत केंद्र लागेल का, सामरवरणीत मुंबई कधी लागेल, हे मी छातीठोकपणे सांगायचो. अंदाज चुकला की ढगांना बोल लावायचो. ढग उलट बोलत नाहीत, म्हणून माझी कीर्ती टिकून होती.

खाली आमच्या गुजराती घरमालकीणबाई राहायच्या. त्यांना सगळे बा म्हणत. बांनी रेडिओची एरियल कपडे वाळत घालायच्या तारेला जोडली होती. "बा, ओल्या साडीतून मुंबई येत नसते," असं मी त्यांना हसून ऐकवलंही होतं.

एका रविवारी संध्याकाळी माझ्या धाकट्या मेहुणीचं गाणं मुंबई एफएमवर लागणार होतं. लग्नानंतर इथे आलेल्या माझ्या बायकोला माहेर तसं दूरच पडलेलं, त्यात ही बहीण तिने कडेवर घेऊन वाढवलेली. ती सारखी विचारायची, "अहो, नक्की ऐकू येईल ना?"

"माझ्यावर सोड," मी म्हणालो.

घरी ऐकायचा प्रश्नच नव्हता. एफएमच्या लहरी सरळ जातात, तेव्हा उंच जागा हवी, असं शास्त्र सांगून मी किलवणीकडची टेकडी निवडली. बायको ठेवणीतली साडी नेसून, मांडीवर रेडिओ घेऊन स्कूटरवर मागे बसली.

टेकडीवर मी मुंबई लावली. नुसती खरखर. रेडिओ दक्षिणेकडे वळवला, तरी खरखर. शेवटी तो डोक्यावर धरून एका पायावर उभा राहिलो, तेव्हा सुरतहून कोणीतरी कापसावरच्या किडीबद्दल बोलू लागलं. उंटावरचा शहाणा म्हणतात तो मीच, फक्त उंट तेवढा नव्हता. गाण्याची वेळ टळून गेली.

"ढग असले की..." मी सुरुवात केली. आभाळ स्वच्छ निळं होतं.

बायकोने रेडिओ पदरात गुंडाळला आणि स्कूटरपाशी जाऊन उभी राहिली. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

घरी आलो तर बा ओट्यावर वाटच बघत होत्या. "तारी बेन तो बहु सरस गाय छे!" त्यांनी सगळं गाणं ऐकलं होतं. तारेवर साडी वाळत होती.

बायको तिथेच पायरीवर बसली. "बा, म्हणून दाखवा ना."

बांना मराठी शब्द धड कळले नव्हते, सूर तर नव्हताच. पण त्यांनी आठवेल तसं गुणगुणून दाखवलं, आणि एका ओळीत मधेच थांबून श्वास घेतला.

"तिथेच! लहानपणापासून तिथेच दम लागतो तिला," बायको म्हणाली आणि हसता हसता रडायला लागली.

मी न राहवून विचारलं, "बा, तार नेमकी कुठल्या दिशेला..."

"अहो, तुम्ही गप्प बसा," डोळे पुसत बायको म्हणाली. "बा, परत म्हणा."