आत्याचा डावा हात

शहात्तर साली मी नाशिक रोड स्टेशनवरून मुंबईची गाडी पकडली. डॉक्टर झाले होते, पुढे संशोधन शिकायला तिथून विमानाने इंग्लंड. माझे वडील, दादा, छापखान्यातली पाळी बदलून आले होते. आई फराळाच्या डब्याचं झाकण पुन्हा पुन्हा दाबून बघत होती. सिन्नरहून पहिल्या एस.टी.ने गंगूआत्या आली होती. ती दादांची थोरली बहीण, तरुणपणीच विधवा झालेली. माझं लहानपण तिच्याच कडेवर गेलं. स्टॉलवरचा चहा इतका कढत होता, की आम्ही ग्लास कडेला धरून फुंकत होतो. आत्याने मात्र तो डाव्या मुठीत घट्ट धरला होता. शेतात राबलेला हात, असं मला वाटलं. गाडी हलली तेव्हा दादा म्हणाले, "शिकून घे. इकडची काळजी करू नको."

ते मी जरा जास्तच मनावर घेतलं.

तिकडे माझं काम कुष्ठरोगाच्या जंतूवर होतं. हा जंतू काचेच्या बशीत वाढत नाही. उंदराच्या तळपायात टोचायचा आणि सहा-आठ महिने थांबायचं. मग कळणार, कोणतं औषध त्याला दाबतं. मला थांबणं कधी जमलं नाही. रविवारीसुद्धा लॅबमध्ये जायचे, पिंजऱ्यांवरच्या चिठ्ठ्या वाचून परत यायचे. बसची वाट बघवत नसे म्हणून पुढच्या स्टॉपपर्यंत चालत सुटायचे. आईची पत्रं यायची: इकडे सर्व ठीक, आत्या तुझी आठवण काढते. सहा वर्षं तेच.

ब्याऐंशीत सुट्टीवर आले आणि सिन्नरला गेले. आत्याने उजव्या हाताने पाण्याचा तांब्या दिला. डावा हात पदराखालीच राहिला.

"आत्या, हात दाखव."

"काय नाय गं. चुलीवर भाजलाय."

मी पदर बाजूला केला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळलेलं. तळव्यावर भाजल्याचे जुने डाग, एकावर एक. कोपरामागची नस चाचपली, तर दोरीसारखी जाड लागली. ज्या रोगावर मी शोधनिबंध लिहीत होते, तो माझ्या हातात होता.

"कधीपासून?"

"बधीर व्हय? तू जायच्या आधीपासून हाय."

स्टेशनवरचा तो कढत चहाचा ग्लास आठवला.

घरी येऊन आईवर ओरडले. आई शांतपणे म्हणाली, "असलं कागदावर कसं लिहायचं? आणि लिहिलं असतं तर तू सगळं सोडून आली असतीस."

आत्याचं कारण वेगळं होतं. "लोक म्हनले असते, डाक्टरीनबाईच्या घरातच हाय. तुझं नाव गेलं असतं."

एकाच वेळी अनेक औषधं द्यायची पद्धत तेव्हा नुकती येत होती. धावपळ करून ती मिळवली. रोग थांबला. बोटं सरळ झाली नाहीत. मेलेली नस औषधाने जिवंत होत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी सुट्टी होती तितके दिवस रोज सकाळी मी ती बोटं बघायचे.

परत गेले, पण सूक्ष्मदर्शकापुढे बसवेना. दोन वर्षांनी कायमची आले आणि खेडोपाडी तपासणीच्या कामाला लागले. सिन्नरजवळच्या एका गावात बायका शाळेच्या ओट्यापर्यंत यायच्या आणि नाव लिहायच्या आधीच मागे वळायच्या. तिसऱ्या खेपेला आत्या हट्टाने बरोबर आली. ओट्यावर उभी राहिली आणि डावा हात सगळ्यांपुढे धरला.

"बघा नीट. मी लपवला म्हनून असा झाला. तुमी लपवू नका."

मग एक तरुण सून पुढे आली, आडोशाला जाऊन पाठ उघडी केली. रुपयाएवढा फिकट चट्टा. मी कापूस टेकवला.

"लागतंय?"

"नाय."

तिची बोटं मात्र सरळ होती. वेळेत सापडली होती.

माझ्यासारखे जे निघून गेले आणि जे मागे राहिले, त्या दोघांसाठी हे लिहिते आहे. मी अजून कुठेच निवांत नाही. इथे असले की लॅब आठवते. तिथे असते तर हा ओटा आठवला असता. आई-दादांच्या नाशिक रोडच्या घराची किल्ली माझ्याकडे आहे, पण किल्लीने घर होत नाही. माझ्यापुरतं घर म्हणजे जिथे माणसं मला आपलं दुखणं दाखवतात ती जागा, आणि ती दर गावात नव्याने मिळवावी लागते. उद्या इगतपुरीकडच्या एका वाडीवर जायचं आहे. तिथे अजून मला कोणी ओळखत नाही.